हिरव्या टोमॅटोची झाकणी

यंदा टोमॅटो लाल होत नाहीत.

माघ संपत आला. झाडं कमरेच्या वर गेली, काठ्यांना बांधलेल्या सुतळ्या ताणून निघाल्या, फळं मुठीएवढी झाली आणि हिरवीच राहिली. टणक, फिकट, देठापाशी गडद. मी रोज सकाळी परसात जाऊन बघते आणि परत येते. पुण्याजवळच्या आमच्या भूगावात ऊन टेकडीवरून यायचं. आता टेकडीच्या जागी इमारत आहे. ऊन तिच्या मागून चढतं, आमच्या वाफ्यावर पोचतं तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते, आणि दारातूनच विचारपूस करून जाणाऱ्या पाहुण्यासारखं ते लगेच निघून जातं. चप्पलसुद्धा काढत नाही.

पत्रकात लिहिलं असतं तर पुढचं वाक्य आलं असतं : ‘उन्हावर मालकी कोणाची?’ अशी वाक्यं मला झोपेत येतात. गेली काही वर्षं मी तेच करते. टेकड्या, ओढे, गायरान. लिहायचं, छापायचं, चांदणी चौकापासून पौडपर्यंत वाटायचं. पण या वाफ्यासमोर उभी राहिले की वाक्य अर्ध्यात थांबतं. राग येत नाही. पाणी गेलेलं असताना नळ सोडावा तशी आतून नुसती हवा येते.

रविवारी आईचा फोन येतो. ती आता सूसला असते, माझ्या भावाकडं.

“लाल झालं का?”

“नाही अजून.”

“झालं की सांग. येती मी.”

बस. तेवढंच बोलणं. मग ती फोन ठेवते आणि मी परत परसात जाते.

*

ज्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे त्या हिवाळ्यात टोमॅटो इतके आले की काय करायचं ते कळेना. ते गावठी टोमॅटो होते. चपटे, पाकळ्या पाडल्यासारखे, आंबट. तोडायला गेलं की पानांचा कडसर हिरवा वास हाताला चिकटायचा. हात धुतले की साबणाचा फेस हिरवा व्हायचा. आई तेव्हा याच घरात होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. सार झालं, चटणी झाली, शेजारी वाटून झाले, म्हशीनंही तोंड फिरवलं. ओट्याखाली टोपल्यांत टोमॅटो पिकत होते आणि घरभर गोडसर आंबूस वास भरून राहिला होता.

वरच्या खोलीत पल्लवी भाड्यानं राहायची. परभणीची, हिंजवडीत कंपनीत होती. घर सोडून एवढ्या लांब आलेली पोरगी. सुट्टीच्या दिवशी तिला खोली खायला उठायची, मग ती खाली आईपाशी येऊन बसायची.

“काकू, एवढे टोमॅटो सडवायलात कामून? पाय करू.”

“कुणाचा पाय?” आई म्हणाली.

पल्लवीनं मोबाइलवर तो इंग्रजी पदार्थ दाखवला. आईनं चष्मा लावून पाहिला. वर गव्हाच्या पिठाचं झाकण, खाली तसंच बूड, मधे भाजी, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं.

“आगं, ही तर झाकणी हाय,” आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्याकडं तेच नाव पडलं.

पल्लवीचा छोटा ओव्हन खाली आला. ओट्यावर मिक्सर सरकवून त्याला जागा केली. पहिली झाकणी चामड्यासारखी झाली. कारण सोपं होतं. आई पीठ मळायला बसली ती चाळीस वर्षांच्या सवयीनं. मुठींनी रेटून, पाणी लावून, पुन्हा रेटून, पार लोण्यासारखी कणीक होईपर्यंत. पल्लवी बाजूला उभी राहून नुसती “काकू, काकू” करत होती.

“मळायचं नाही, काकू. नुसतं बोटांनी लोणी चोळायचं. भुगा राहिला पाहिजे.”

“मळायचं न्हाई? मग पिठाकडं बगत बसू व्हय?”

“हो. तसंच.”

“तुमच्या कंपनीत बी असंच काम करतात का?” आई म्हणाली. पल्लवी हसता हसता ओट्याला टेकली.

आमच्याकडं कमी मळलेलं पीठ म्हणजे आळशी बाईची खूण. सासवा त्यावरून बोलतात. आईला हात आवरायला तीन रविवार लागले. ती बोटं उचलून धरायची, जणू गरम तव्याजवळ आहेत, आणि चेहरा असा की कुणीतरी तिच्याकडून चोरी करून घेतंय. चौथ्या रविवारी झाकण पापुद्र्यांचं झालं. सुरी लावली की कुरकुर वाजलं.  दुसरा तुकडा आईनं स्वतःच्या ताटात वाढून घेतला. आमच्या घरात आईनं स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं.

मग पाण्याचं लफडं. टोमॅटोला आत पाणी सुटायचं आणि बूड चिखल व्हायचं. पल्लवीनं सांगितलं, चकत्यांना मीठ लावून चाळणीत ठेवा, पाणी गळू द्या, मग भरा. आईला ते लगेच पटलं. चाळणीखाली वाडगं ठेवायचं, दुपारभर टप टप चालायचं. वर तिनं आपली भर घातली. बुडाशी भाजलेल्या दाण्याचं कूट पसरायचं, म्हणजे राहिलेला ओलावा ते पिऊन टाकतं. चकत्यांमधे कांदा, लसूण, हिरवा ठेचा. पल्लवीच्या चीजला तिनं साबण म्हणून बाजूला सारलं. आणि वाडग्यातलं ते गुलाबी खारट पाणी आमटीत.

“पानी आदी काडून घ्यायचं,” ती म्हणायची. “न्हाईतर आत जाऊन रडत बसतंय.”

*

हे सगळं चालू असताना मागं टेकडी कापत होते. दुपारी सुरुंग लागायचा आणि ओव्हनची काच थरथरायची. आई हातातलं काम थांबवून ओव्हनवर तळहात ठेवायची, जसं ढग गडगडल्यावर लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग पुन्हा कामाला. मुरमाची धूळ टोमॅटोच्या पानांवर बसायची, आम्ही पंपानं पानं धुवायचो. डंपर जाताना घराच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. मी त्या टेकडीवर पत्रक काढलं होतं. छापून आणलेला गठ्ठा जेवणाच्या टेबलावर असायचा आणि आई एकेक पत्रक काढून त्यावर टोमॅटो चिरायची.

“आई, ती वाटायची आहेत.”

“वाटून झाल्यावर लोकं बी ह्येच करत्यात.”

मला हसू यायचं तेव्हा. राग आणि हसू दोन्ही यायचं. दोन्ही एकाच ठिकाणाहून येत असावं, कारण गेलं तेही एकदमच.

*

त्या हिवाळ्यात दर रविवारी मामा यायचा. आईचा सख्खा धाकटा भाऊ, माले गावचा. शेती थोडी करतो, बाकी जमिनीचे व्यवहार जुळवून देतो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दारातूनच “आक्का, भट्टी पेटली का?”

आमच्याकडं आलेला माणूस तोंडात काही न घालता जात नाही. जमीन मोजायला आलेल्यालाही चहा मिळतो, जप्ती करायला आलेल्यालाही मिळाला असता. आई मामासाठी झाकणीचा कडेचा तुकडा काढून ठेवायची. त्याला कुरकुरीत कड आवडायची. तो बोटांनी चुरा वेचून खायचा आणि म्हणायचा, “आक्का, तू हाटेल टाक. मी गिऱ्हाईक आनतो.”

तो गिऱ्हाईकच घेऊन आला होता, पण हॉटेलासाठी नाही. टेकडीवरच्या बांधकामाला रस्ता हवा होता, आणि सगळ्यात जवळचा रस्ता आमच्या परसातून जात होता. टोमॅटोच्या वाफ्यावरून, विहिरीच्या कडेनं, थेट. बदल्यात नव्या इमारतीत तळमजल्यावर घर. आईला पायरी नाही, अंगणातून न्हाणीघरापर्यंत चालणं नाही, गल्ली तीच, शेजार तोच.

मी त्याला सरळ विचारलं, “मामा, ज्या वाफ्यातलं खातोस तोच मागतोस, घास कसा उतरतो?”

“मोप उतरतो, शितलबाई,” तो म्हणाला. “ठेचा जरा कमी घाला म्हनावं.”

अशा माणसाशी भांडायची माझी तयारी नव्हती. पत्रकातला बिल्डर असा नसतो. तो कधी माझ्या आईच्या पायाला तेल लावत नाही. मामा लावायचा. जेवण झालं की आईच्या पुढ्यात बसून तिचा गुडघा मांडीवर घ्यायचा, खोबरेल चोळायचा आणि चोळता चोळता रस्त्याचं बोलायचा.

जमीन वडिलांमागं तिघांच्या नावावर आली होती. आई, दादा, मी. आईनं सही दिली. दादानं दिली. राहिले मी.

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्या भागात बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा असतो. त्याला हक्कसोड म्हणतात. कायद्यानं वाटा सारखा आहे, पण मागणारी बहीण वाईट आणि सोडणारी चांगली. बदल्यात माहेर मिळतं. दिवाळीला साडी, भात झोडला की तांदळाची गोणी, आणि नवऱ्याशी बिनसलं तर परत यायला दार. आईनं माल्याच्या जमिनीची हक्कसोड मामाला दिली होती, लग्नानंतर लगेच. म्हणून तो दरवर्षी इंद्रायणी तांदळाची गोणी आणून टाकतो. मी या विषयावर पत्रक काढलं होतं. ‘सही करण्याआधी थांब, ताई.’ बायकांनी ते घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलेलं मी पाहिलं आहे.

तर एका रविवारी माझ्या हक्कसोडीचा कागद आमच्याच टेबलावर आला. मामानं तो माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि वर पेन. ओव्हन चालू होता. टोमॅटो आणि लसणाचा वास घरात मावत नव्हता.

“तुमच्या पत्रकांवर आमी कदी सही मागितली न्हाई,” मामा म्हणाला. “ही येवडी येकच.”

“नाही करणार.”

दादा हिंजवडीला कंपनीत आहे, शांत बोलतो. म्हणाला, “शीतल, उद्या तुझं लग्न झालं, नागपूरला गेलीस, कोल्हापूरला गेलीस. टोमॅटोला पाणी घालायला येणार आहेस का?”

“येईन.”

“खोटं नको बोलू.”

“मग आईला विचार. तिला हवा आहे का रस्ता?”

आई आमच्याकडं पाठ करून ओव्हनसमोर उभी होती. काचेतून आत बघत होती.  वरच्या जिन्यावर पल्लवीच्या चपला वाजल्या आणि अर्ध्यात थांबल्या.

“आई, तू बोल ना.”

“काय बोलू? तुजं बराबर हाय,” आई म्हणाली. वळली नाही. “आन माजे गुडघे बी बराबर हायेत.”

मग तिनं फडक्यानं धरून झाकणी काढली, सुरी लावली, आणि चार ताटांत चार तुकडे वाढले. मामाला कडेचा. कुणी उठून गेलं नाही. गरम पापुद्रा तोंडात मोडायचा तेवढाच आवाज होता. मामानं चुरा वेचून संपवला, हात धुतला, सही न झालेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “येतो आक्का.” दादानं स्वतःच्या तुकड्याला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत तो ताटात तसाच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. आईनं तो उचलून म्हशीपुढं ठेवला. मुंग्यांसकट.

*

पुढचं सगळं भराभर झालं आणि मला ते नीट आठवत नाही. आठवायला राग लागतो. रस्ता पलीकडच्या शेतातून गेला. टेकडी गेली ती गेलीच. आमचा वाफा वाचला. माझ्यासोबतची मंडळी म्हणाली, जिंकलो. पेढे आणले. मी पेढा खाल्ला.

तळमजल्याचं घर अर्थात आलं नाही. दादानं सूसला फ्लॅट घेतला होता, लिफ्ट असलेला. आईला “गुडघ्यापुरतं” घेऊन गेला. गुडघे काही बरे होत नसतात. म्हैस विकली. मामाची गोणी आता सूसला जाते. पल्लवीनंही बाणेरजवळ मैत्रिणींसोबत जागा घेतली; ओव्हन मला ठेवून गेली, म्हणाली, तिथं मोठा आहे. भाऊबीजेला मी ताट लावून बसले होते. निरांजनातलं तूप थिजलं. दादा आला नाही. मी वात काढून तूप परत डब्यात घातलं आणि भात कुकरला लावला.

मी चुकले असं मला वाटत नाही. आजही कागद समोर आला तर मी सही करणार नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण बरोबर असण्याची ऊब लागेल असं मला वाटलं होतं. लागत नाही. घर मोठं आहे, परस माझं आहे, विहिरीला पाणी आहे, आणि मी एका माणसाचा भात लावते.

*

मागच्या रविवारी पहाटेच मी ठरवलं, लाल होईपर्यंत थांबायचं नाही. हिरवेच तोडले. चकत्या केल्या, सुरीखाली कच्च्या पेरूसारख्या करकर वाजल्या. मीठ लावलं, चाळणीत ठेवलं, खाली वाडगं. नियम म्हणजे नियम. पाणी सुटेना. अजून मीठ लावलं. वाट पाहिली. वाडगं कोरडं. शेवटी तशाच भरल्या. पीठ मळलं नाही, बोटांनी भुगा केला. दाण्याचं कूट. ठेचा. भाजून झाल्यावर डब्यात घातली आणि डबा स्कूटीच्या पायापाशी ठेवून चांदणी चौकातून सूसला गेले.

गेटवरच्या रखवालदारानं विचारलं, “किसके यहाँ?”

“आईकडं.”

“फ्लॅट नंबर?”

तो मला पाठ नव्हता. फोन काढून बघावा लागला.

दार दादानं उघडलं, मला पाहून बाजूला झाला आणि आत गेला. आई गॅलरीत बसली होती, पाय लांब करून. सकाळचं पूर्ण ऊन तिच्या अंगावर होतं. एवढं ऊन मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. गॅलरीत एकही कुंडी नाही. वाळत घातलेले टॉवेल आणि ते ऊन. नुसतं पडलेलं.

“आलीस?” ती म्हणाली. डब्याकडं बघून म्हणाली, “लाल झालं?”

मी झाकण उघडलं. तिनं सुरी मागवली. दादा सुरी घेऊन आला आणि गेला नाही, दाराला टेकून उभा राहिला. आईनं कापलं, त्यालाही एक तुकडा दिला. त्यानं उभ्यानंच खाल्ला. मी त्याच्याकडं बघत नव्हते, गॅलरीच्या गजांकडं बघत होते.

“मीठ जास्त झालंय,” दादा म्हणाला.

सहीच्या दिवसानंतर माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. मी म्हणाले, “हो.”

आईनं घास सावकाश चावला. “कच्च्याला मीठ लावून ठिवलं व्हतंस?”

“पाणी काढायला.”

“निगालं?”

“नाही.”

“कसं निगंल? कच्च्यात पानी सुटत न्हाई. मीठ आतच बसतंय. त्येला तसंच घालायचं, वर जरा गूळ.”

“तूच म्हणायचीस, आधी पाणी काढायचं.”

“ते पिकल्याचं.”

तरी तिनं तुकडा संपवला. चुरासुद्धा वेचला, मामासारखा. मग हात झटकून विचारलं, “लाल कदी व्हतील?”

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं. इमारत कुठं आली, ऊन कधी पोचतं, कधी जातं. पत्रकात सांगते तसं, मुद्द्यानं, आवाज न चढवता. ती ऐकत होती आणि गुडघ्यावरून हात फिरवत होती.

“म्हंजी न्हाईच व्हायचे,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग न्हाई येत मी यंदा.”

ती रागावली नव्हती. बाजारात भाजी नाही असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मी मान हलवली. दादा दारातून आत गेला, आत कुठंतरी नळ चालू झाला.

निघताना आईनं डबा धुऊन, पुसून, झाकण लावून माझ्या हातात दिला. जड लागला. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. दादा लिफ्टपर्यंत आला. दार मिटू लागलं तेव्हा त्यानं हात घालून ते अडवून धरलं, मी आत जाईपर्यंत. मग सोडलं.

*

घरी आले तेव्हा वाफ्यावरून ऊन गेलं होतं. डबा उघडला. चार टोमॅटो. सूसच्या दुकानातले, एकसारखे, गुळगुळीत, एकावर किमतीचं स्टिकर तसंच. लालभडक. नाकाशी धरले तर वास नव्हता.

मी बराच वेळ ते ओट्यावर मांडून ठेवले. मग स्टिकर काढलं, धुतले, चकत्या केल्या. मीठ लावलं, बेतानं. चाळणी, खाली वाडगं. खुर्ची ओढून समोर बसले, कारण दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं. आधी काहीच झालं नाही. मग चाळणीच्या बुडाशी एक थेंब धरला, फुगला, पडला.

फोन वाजला.

“पोचलीस?”

“हो.”

“डबा उघडला का?”

“चिरून ठेवलेत.”

“पानी सुटलं?”

मी वाडग्याकडं पाहिलं. “सुटतंय.”

“सुटू दे,” आई म्हणाली. “झाकण घालायची घाई करू नगं.”

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. तिच्याकडचा लिफ्टचा आवाज ऐकू येत होता आणि माझ्याकडचं वाडगं तिला ऐकू जात असावं.